काळीज आणि दुधाचा गंज

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दरसाल बाहेरचे पाहुणे बोलतात. यंदा आपल्यातल्याच एकीने बोलावे असे ठरले. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. हिने डॉक्टरकीचा विषय घेतला म्हणून काहीजणी गालात हसल्या, ते मी पाहिले आहे. पण माझ्या बहिणीचा मुलगा इथल्या मेडिकलमध्ये शिकतो. सुटीच्या दिवशी तो आमच्याकडे जेवायला येतो आणि जेवताना त्याला दुसरे बोलणे सुचत नाही. त्याने इंग्रजी कागद वाचून मला मराठीत सांगितले, मी त्याला उलटसुलट विचारून खुंटा बळकट करून घेतला, तेच आज सांगणार आहे.

विषय आहे यकृताचा, म्हणजे लिव्हरचा. खराब झालेले यकृत बदलण्यासाठी एका सर्जनने सारा जन्म घातला, त्याची हकीकत आधी सांगते. मग आपल्या पुण्याच्या डॉक्टरांनी लहान मुलांचे यकृत खराबच होऊ नये म्हणून काय शोधून काढले, ते सांगते. दुसऱ्या गोष्टीचा आपल्या स्वयंपाकघराशी फार जवळचा संबंध आहे.

यकृतालाच आपल्या जुन्या बोलीत काळीज म्हणत. आता काळीज म्हटले की आपण छातीवर हात ठेवतो, पण खरे काळीज उजव्या बरगड्यांखाली असते आणि मोठ्या माणसाचे सव्वा ते दीड किलो भरते. आपण जे खातो-पितो त्याचा रस आतड्यांतून रक्तात उतरला की तो आधी यकृताकडे जातो. बाजार घरात आला की तो तसाच ताटात पडत नाही, आधी स्वयंपाकघरात निवडला जातो, धुतला जातो, काही डब्यात भरून ठेवला जातो, काही टाकला जातो. शरीरातले हे सारे काम यकृताकडे आहे. जे टाकायचे त्यातले पुष्कळसे ते पित्तातून बाहेर घालवते. शरीरात जास्त झालेले तांबेही याच वाटेने जाते. तांब्याचे हे एवढे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आणखी एक नवल असे की निरोगी यकृताचा अर्ध्याहून जास्त भाग कापून काढला तरी उरलेला भाग वाढून काही महिन्यांत आकार भरून काढतो. हाताचे बोट तुटले तर पुन्हा येत नाही, पण काळीज येते.

आता त्या सर्जनची हकीकत. थॉमस स्टार्झल हे त्यांचे नाव. जन्म १९२६ चा, अमेरिकेतल्या आयोवा प्रांतातल्या एका लहान गावचा. वडील वर्तमानपत्राचे संपादक, आई परिचारिका. १ मार्च १९६३ रोजी डेन्व्हर शहरात त्यांनी माणसाचे यकृत बदलण्याचा पहिला प्रयत्न केला. रोगी तीन वर्षांचा मुलगा होता. जन्मतःच त्याच्या पित्तनलिका बंद होत्या. रक्त थांबेना आणि ते मूल टेबलावरच गेले. त्याच वर्षी त्यांनी आणखी काही रोग्यांवर ही शस्त्रक्रिया केली. त्यांतला एकही महिनाभर जगला नाही. दुसरा कोणी असता तर त्याने हात धुऊन टाकले असते. स्टार्झल यांनी शस्त्रक्रिया थांबविली खरी, पण काम थांबविले नाही. प्रयोगशाळेत कुत्र्यांवर प्रयोग करीत ते चार वर्षे बसले. जुलै १९६७ मध्ये दीड वर्षाच्या एका मुलीचे यकृत त्यांनी बदलले आणि ती वर्षाहून अधिक जगली. पुढे तिचा मूळचा कर्करोग उलटला आणि ती गेली, पण बदललेले यकृत शरीरात काम करू शकते हे सिद्ध झाले.

मला या माणसाच्या बाबतीत विशेष वाटते ते असे की नुसत्या हाताच्या कौशल्यावर हे काम होणार नाही, हे त्यांनी ओळखले. शिवणकाम कितीही सुबक असले तरी शरीर परक्या अवयवाला परकाच मानते. सून घरात आली की सगळे घर जसे आधी तिच्याकडे संशयाने पाहते तसेच! (हसू नका, तुम्ही सगळ्या त्यातून गेलेल्या आहात.) तो संशय कमी करणारे औषध हवे होते. नॉर्वे देशाच्या मातीत सापडलेल्या एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन नावाचे औषध निघाले. इंग्लंडचे सर्जन रॉय काल्न यांनी ते १९७८ साली अवयव बदललेल्या रोग्यांना दिले आणि १९८० नंतर स्टार्झल यांनी ते यकृताच्या रोग्यांना देऊन पाहिले. तोवर वर्षभर जगणारे तिघांत एक असत, ते आता तिघांत दोनाच्या आसपास जाऊ लागले. पुढे जपानमधल्या त्सुकुबा गावच्या मातीतल्या सूक्ष्म जंतूपासून टॅक्रोलिमस हे आणखी चांगले औषध मिळाले. तेही यकृताच्या रोग्यांना पहिल्यांदा स्टार्झल यांनीच १९८९ साली दिले. आपण डब्यातल्या पिठाला बुरशी आली की नाक मुरडतो, आणि हे लोक मातीतली बुरशी गोळा करून माणसे वाचवितात!

इतक्या शस्त्रक्रिया करूनही टेबलाजवळ जाण्याआधी आपल्याला भीती वाटत असे, हे त्यांनी १९९२ सालच्या आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिले आहे. २०१७ साली, नव्वदाव्या वर्षी ते वारले.

यकृत वाढते या गुणामुळे पुढे जिवंत माणसाच्या यकृताचा तुकडा काढून दुसऱ्याला देणे शक्य झाले. असे पहिले यशस्वी प्रत्यारोपण १९८९ साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे झाले. एका जपानी आईने आपल्या लहान मुलाला तुकडा दिला. मुलाला काळजाचा तुकडा म्हणणे ही आपली बोलण्याची रीत. तिने ते अक्षरशः करून दाखविले. आपल्या देशात १९९४ साली अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीला पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण झाले. रोगी वीस महिन्यांचा, कांचीपुरमचा. तुकडा देणारे त्याचे वडील. तो मुलगा मोठा होऊन स्वतः डॉक्टर झाला. नागपुरात अवयवदानाचे काम पाहणारे केंद्र २०१३ साली निघाले. सुरुवातीला इथल्या दात्याचे यकृत विमानाने परगावी जाई, आणि त्यासाठी पोलीस विमानतळापर्यंतचा रस्ता मोकळा ठेवीत. २०१८ पासून यकृत बदलण्याची शस्त्रक्रिया नागपुरातच होऊ लागली.

जाता जाता एक सांगून ठेवते. १९९५ ते २०२१ या वर्षांत देशात ३६,००० वर अवयव प्रत्यारोपणे झाली, त्यांत बायकांना मिळालेली ७,००० च्या आतच आहेत. आणि जिवंतपणी देणाऱ्यांत मात्र बायकाच जास्त. यावर बोलायला वेगळी सभा घ्यावी लागेल.

स्टार्झल यांची थोरवी मी मानते. परंतु यकृत बदलण्याचा खर्च लाखांत मोजावा लागतो आणि औषधे जन्मभर घ्यावी लागतात. शिवाय ज्या काळात ते डेन्व्हरला झगडत होते, त्याच काळात आपल्याकडे खेडोपाडी यकृताच्या एका रोगाने मुले जात होती, आणि त्यांच्यासाठी असा कोणताही इलाज इथे नव्हता. त्या रोगाकडे आता वळते.

आपल्यातल्या वयस्कर बायांना ‘अमकीच्या पोराला लिव्हर झाला’ हे बोलणे आठवत असेल. सहा महिन्यांपासून चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना तो होई. मूल किरकिरे होई, अंगात बारीक ताप राही, पोट फुगे, उजव्या बरगडीखाली दगडासारखे कठीण हाताला लागे. मग कावीळ, पोटात पाणी, आणि काही महिन्यांत सारे संपे. एका घरात एकामागून एक दोन-तीन मुले जात. कलकत्त्याच्या डॉक्टरांनी या रोगाचे वर्णन १८८७ सालीच केले होते. जगातल्या डॉक्टरांच्या पुस्तकांत त्याला आपल्या देशाचेच नाव पडले, भारतीय बालकांचा सिरॉसिस. कोणी म्हणे विषाणू, कोणी म्हणे बुरशी लागलेले धान्य, कोणी म्हणे आईबापांच्या रक्तातूनच येतो. शंभर वर्षे असे चालले.

घरात मात्र एवढा वाद नसे. घरात दोष आईचा. माझ्या सासूबाईंचे सासर पवनीकडचे. त्यांचा पहिला मुलगा १९६९ साली दीड वर्षाचा होऊन याच दुखण्याने गेला. त्यांना दूध कमी आले म्हणून बाळाला दुसऱ्या महिन्यापासून म्हशीचे दूध सुरू केले होते. म्हैस घरची, दूध निरसे, गंज घासून लख्ख केलेला, काही कमी नव्हते. बैलगाडी, मग मोटार असे करून नागपूरला आणले, डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि मान हलविली. त्यानंतर कित्येक वर्षे भावकीतल्या बारशाला सासूबाईंच्या हाती बाळ देत नसत. ‘हिच्या दुधात दोष’ असे त्यांच्या तोंडावर बोलले गेले आहे. पुढे दोन मुले झाली आणि चांगली वाढली, त्यांतलेच एक आमचे हे. तरी ते बोलणे त्यांच्या मनातून गेले नाही.

आता पुण्याकडे चला. रास्ता पेठेतले केईएम हॉस्पिटल जुने, १९१२ सालचे. डॉ. बानू कोयाजी या थोर बाईंनी ते वाढविले आणि खेड्यांपर्यंत नेले. त्यांना १९९३ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. तिथल्या बालरोग विभागात डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे काम करीत. ही पोटे फुगलेली मुले त्यांच्यापुढे येत. इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांचाही याच रोगाचा अभ्यास चालला होता. १९७८-७९ साली असे आढळले की या मुलांच्या यकृताचा कण एका विशेष रंगाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्यात गडद कण दिसतात, आणि ते तांब्याची खूण असतात. मोजून पाहिले तर तांबे नेहमीच्या कितीतरी पट निघाले.

मग प्रश्न आला की एवढेसे मूल, ते तांबे खाईल कुठून? आणि इथे या मंडळींनी जे केले ते मला सर्वांत मोठे वाटते. त्यांनी आयांना विचारले. अंगावरचे दूध किती दिवस पाजले? वरचे दूध कधी सुरू केले? ते कशात तापविले? तापवून कशात ठेवले? आजारी मुलांच्या आया आणि त्यांच्याच बरोबरीच्या निरोगी मुलांच्या आया, दोघींनाही हेच विचारले आणि उत्तरे शेजारी शेजारी मांडली. आजारी मुलांना वरचे दूध लवकर सुरू झालेले होते, आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापविलेले, ठेवलेले होते. १९८३ साली त्यांनी हे लॅन्सेट या इंग्लंडच्या साप्ताहिकात छापले, आणि आयांना विचारून केलेली तुलना १९८७ मध्ये.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मेळ. ताक किंवा आमटी बिनकल्हईच्या पितळेत ठेवली की कळकते, हे आपल्या आज्यांना पक्के ठाऊक होते. आंबट पदार्थ रंग बदलतो, चव बदलतो, बाई लगेच ओळखते. दूध आंबट नाही. ते कळकलेले दिसत नाही, वासही येत नाही. म्हणून दुधाच्या गंजाला कल्हई असलीच पाहिजे असा आग्रह पुष्कळ घरांत नसे. परंतु दुधातले जे सत्त्व फाटल्यावर पनीर होऊन वर येते, ते तांब्याला घट्ट धरून ठेवते. दूध पितळेत तापवून तसेच ठेवले की ते भांड्यातले तांबे ओढून घेते. आईच्या दुधात तांबे अगदी थोडे असते. आणि नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या यकृतात आधीच तांब्याचा साठा असतो. तो पित्तातून बाहेर टाकण्याची शक्ती त्याला अजून पुरती आलेली नसते. अशा यकृतात रोज बोंडल्याने आणखी तांबे ओतले गेले, तर ते टाकणार कुठे?

मी भाच्याला विचारले, बाबा रे, पितळ तर घरोघर होते, मग सगळी मुले का नाही आजारी पडली? तो म्हणाला, काही मुलांच्या पिंडातच तांबे बाहेर टाकण्याची शक्ती कमी असावी, असे जाणकार मानतात. एकाच घरातली भावंडे का जात, त्याचाही उलगडा यात होतो. पिंडही एक आणि गंजही एकच.

तांबे धरून लघवीवाटे बाहेर काढणारे पेनिसिलामाइन हे औषध पुण्याच्या मंडळींनी या मुलांना देऊन पाहिले. रोग लवकर ध्यानात आला तर काही मुले त्याने वाचली. कावीळ होऊन पोटात पाणी झाल्यावर मात्र फारसा उपाय चालत नसे. म्हणून खरे काम भांडे बदलण्याचेच होते. ज्या घरातले मूल गेले त्या घरी सांगायचे, पुढच्या बाळाला अंगावर पाजा, वरचे दूध देणे भाग पडले तर ॲल्युमिनियमच्या नाही तर स्टीलच्या भांड्यात तापवा. पुणे जिल्ह्यातला हा अनुभव त्यांनी १९९२ साली छापला. पुढची भावंडे वाचू लागली. स्टीलची भांडीही एव्हाना खेड्यांत पोचली होती. आणि शंभर वर्षे मुले नेणारा तो रोग इतका ओसरला की आजच्या बालरोगतज्ज्ञांना तो क्वचितच पाहायला मिळतो. माझ्या भाच्याने तो फक्त पुस्तकात वाचला आहे.

हा रोग काही आपल्या अडाणीपणाचा नव्हे, हेही सांगितले पाहिजे. ऑस्ट्रिया या सुधारलेल्या देशात टायरोल म्हणून डोंगराळ मुलूख आहे. तिथे १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके अशाच यकृताच्या रोगाने दगावली. तिथेही गाईचे दूध बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यांत तापवीत. भांडी बदलली आणि रोग गेला. हे १९९६ साली त्याच लॅन्सेट साप्ताहिकात छापून आले.

हे सगळे भाच्याने सांगितले तेव्हा सासूबाई शेजारी बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवले. थोड्या वेळाने म्हणाल्या, “मंग तवा कोनी सांगतलं काऊन नाही?” भाचा म्हणाला, “आजी, तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं.” त्या बाळाचे यकृत कोणी तपासले नव्हते, तेव्हा पितळेनेच तो गेला असे आज कोणी छातीठोकपणे सांगणार नाही. पण आईच्या दुधात दोष होता, हे तर कोणत्याच शास्त्रात बसत नाही. सासूबाईंनी ते दोनदा वदवून घेतले, आणि संध्याकाळी फोन करून आपल्या धाकट्या जावेलाही ऐकविले.

आता आजचे बोलते. वीस वर्षांपूर्वी आपण पितळेचे गुंड, बटलोया मोडीत देऊन स्टील घेतले. आता तेच पितळ दुपटीने पैसे मोजून परत आणतो आहोत. तब्येतीला चांगले म्हणून तांब्याच्या बाटल्या, पितळेच्या कढया घरोघर आल्या आहेत. मी त्याच्या विरुद्ध नाही. भंडाऱ्याचे पितळ पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेले, तिथल्या कारागिरांचे पोट त्यावर आहे. चांगली कल्हई केलेल्या पितळेत भाजी करा, भात करा. कल्हई उडून आतून पिवळे दिसू लागले की ते भांडे चुलीवर चढवू नका. तांब्याच्या बाटलीत लिंबाचे सरबत भरू नका. आणि तान्ह्या बाळाचे दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवू नका, ठेवू नका, त्या वाटीने पाजू नका. माहेरहून हौसेने पितळेचे बोंडले आले असेल तर ते देव्हाऱ्यात शोभेला ठेवा. बाळंतिणीच्या घरी भेटायला जाल तेव्हा तिला हे सांगा, आणि तिच्या सासूलाही सांगा, कारण दूध बहुधा तीच तापविते.

येत्या संक्रांतीला वाण म्हणून पितळेची वाटी द्यावी असे कार्यकारिणीत चालले आहे, असे कानावर आले. माझी सूचना अशी की वाटीऐवजी पितळेचे निरांजन द्यावे. दोन्हींच्या भावात फारसा फरक नाही. इतवारीत तीन दुकानांत विचारून मी तो कागद चिटणीसबाईंकडे दिला आहे. घरात असलेल्या भांड्यांसाठी कल्हईवाल्याला पुढच्या रविवारी मंडळाच्या अंगणात बोलाविले आहे. हल्ली त्याला शोधून आणावे लागते, तेव्हा ज्यांना भांडी द्यायची त्यांनी सकाळी नऊच्या आत आणावीत आणि प्रत्येक भांड्याला नावाची चिठ्ठी बांधावी. मागल्या खेपेला दोन गंजांची अदलाबदल झाली होती, आणि दोघीही अजून आपलाच गंज मोठा होता असे म्हणतात.